वाकलेली पट्टी

सकाळपासून रंजिता तीच पट्टी चौथ्यांदा मोजत होती. कोन गावाजवळच्या त्या कारखान्यात झिजलेल्या शाफ्टवर वितळलेल्या धातूचा फवारा मारून नवा थर चढवत. शाफ्टशेजारी पोलादाची पातळ पट्टी बांधायची, तिच्यावरही तोच थर बसू द्यायचा आणि ती किती वाकली ते डायल गेजने बघायचं, हे तिचं काम. थर थंड होताना आक्रसायला बघतो, खालचं लोखंड त्याला आक्रसू देत नाही, आणि ही ओढाताण थरातच अडकून राहते. जाड शाफ्टवर काहीच दिसत नाही. पट्टी मात्र वाकते.

आजची पट्टी नेहमीच्या दुप्पट वाकली होती.

सोमवारीही असंच झालं होतं. तेव्हा तिनं गेजला दोष देऊन तपासणीच्या कागदावर सही केली आणि शाफ्ट खोपोलीला गेला. आज गेज नवं होतं. ती उठली, पाणी प्यायली, पुन्हा बसली. शेवटी पट्टी घेऊन कमळाकरमामांकडे गेली. वीस वर्षं स्प्रे गन त्यांच्याच हातात होती.

"मामा, थरात ताण फार आहे."

"माझा थर कदी सुटलाय का? हातोडा मारून बघा, म्याडम."

"काही वेगळं केलंत का?"

कमळाकरांनी हातमोजे झटकले. "थर गार ठेवणाऱ्या हवेचा पाइप गळतोय. थांबत थांबत मारलं असतं तर दिवस गेला असता. एका दमात चढवला."

"सोमवारचाही?"

"तो बी."

मालक दिनानाथ तिचं ऐकून चिडले. "गिऱ्हाइकाला काय सांगू? सही तर आपलीच आहे!"

"माझी आहे. मीच फोन करते."

फोनवर खोपोलीचा माणूस इतका ओरडला, की तिनं रिसीव्हर कानापासून लांब धरला. पण सोमवारचा शाफ्ट अजून बसवला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो टेम्पोतून परत आला.

रंजितानं थरावर ताण मोजणारा नखाएवढा सेन्सर चिकटवला, त्याची तार यंत्राला जोडली आणि त्याच्या मधोमध बारीक भोक पाडायला घेतलं. भोक खोल जाईल तसा आजूबाजूचा ताण मोकळा होतो आणि पडद्यावरचे आकडे हलतात. दुसऱ्याच टप्प्याला आकडे एकदम उसळले. टक्कन आवाज आला आणि कडेचा थर पापुद्र्यासारखा उचलला गेला.

कमळाकरांनी तो तुकडा तळहातावर घेतला. त्यांचा चेहरा उतरला होता.

"म्याडम, रविवारी आमच्या मेव्हण्याच्या होडीचा शाफ्ट बी असाच एका दमात केला हाय. घरचं काम, पट्टी नाय बांधली."

"होडी कुठे आहे?"

"करंज्याच्या धक्क्याला. आज सुटायची. भर दर्यात थर सुटला तर शाफ्ट अडकायचा."

मेव्हण्याचा फोन लागेना. दोघं मोटारसायकलवर निघाले. उरणच्या रस्त्यावर कंटेनरची रांग हलत नव्हती. कमळाकर तोंडातल्या तोंडात पुटपुटत गाडी कडेनं काढत होते, आणि मागे बसलेली रंजिता दर दोन मिनिटांनी तोच नंबर लावत होती.

धक्क्यावर पोचले तेव्हा इंजिन सुरू झालं होतं. कमळाकर दोन्ही हात वर करून धावले. "काशिराम, बंद कर! आदी बंद कर!"

काशिरामनं इंजिन बंद केलं. होडीवरची माणसं रंजिताकडे बघू लागली. आजची कमाई बुडाली म्हणून त्यांच्यातला एकजण कुरकुरला.

"थर मी खराब मारलाय," कमळाकर सगळ्यांसमोर म्हणाले. "म्याडम सांगतील तसं करायचं."

रंजितानं पाय धक्क्यावर घट्ट रोवले आणि शाफ्ट सोडवायला पाना मागितला.