दवाखान्यातली डुगडुगती खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खुर्ची आहे आणि स्वस्थ राहणं मला जन्मात जमलं नाही. माझा एक पाय आखूड आहे. उस्मानपुऱ्यातला मिस्त्री तो कापतानाच शिंकला. शिंक एवढी जबर, की दौलताबादच्या किल्ल्यावरची माकडं पळाली! खोटं वाटतं? विचारा माकडांना.

पुढं मी बिडकीनजवळच्या एका छोट्या दवाखान्यात आले, गरोदर बायकांना बसायला. पण बसायचे त्यांचे नवरे! बाई मागं पदर सावरत उभी. नजमुन्निसा सिस्टर विचारणार बाईला, उत्तर देणार बुवा. झोप येते का? "घोरती की!" तिथली रीतच ती. मी कुरकुरायची, पण ऐकतंय कोण?

एका सकाळी रामकिसन आला आणि ऐसपैस बसला. सातव्या महिन्यातली त्याची सुलेखा मागं भिंतीला टेकून उभी. तिचा हात सारखा कपाळाकडं जात होता.

"काय त्रास होतो गं?" सिस्टरांनी विचारलं.

"काय नाय," रामकिसन म्हणाला. "लई दणकट हाय. गोळ्या द्या, निघतो. आज बाजार हाय."

"मी तिला विचारलं, भाऊ."

"एकच की वो!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो हसत मागं रेलला आणि मी अशी कलंडले, की गडी थेट बीबी का मकबऱ्याच्या मिनारावर आपटला! बरं, मिनारावर नाही, औषधाच्या कपाटावर. पण आपटला.

"कसली ही खुर्ची! मी नाय बसत."

"नका बसू. सुलेखा, तू बस बेटा."

ती बसली. मी श्वास रोखला, तसूभर हलले नाही. आतापर्यंत नवऱ्याआड दडलेले तिचे सुजलेले पाय सिस्टरांना दिसले.

"डोकं दुखतं?"

सुलेखानं नवऱ्याकडं पाहिलं.

"उधर क्या देखती? डोकं तुझं हाय ना?" सिस्टर म्हणाल्या.

"लई दुखतंय," ती पुटपुटली. "डोळ्यापुढं काजवे चमकत्यात. ह्यांना सांगितलं, तर म्हणले समद्यांनाच होतं."

सिस्टरांनी तिच्या दंडाला पट्टा बांधला आणि आकडा पाहून त्या ओरडल्या, "ॲम्ब्युलन्स बोलवा! बीपी लई वाढलंय. झटके आले तर आई बी जाईल, लेकरू बी!"

रामकिसनचा चेहरा पांढराफटक. "मला वाटलं..."

"तुम्हाला वाटतं भाऊ, तिला होतं!"

गाडी संभाजीनगरकडं धावली. मी मात्र कुणी बसलेलं नसतानाही कितीतरी दिवस डुगडुगत राहिले. काय झालं असेल पोरीचं?

परवा दोघं आली. सुलेखाच्या कुशीत मूठभर लेक! रामकिसन सवयीनं माझ्याकडं वळला, थबकला. मग खाली वाकून त्यानं माझ्या आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. "बस," तो सुलेखाला म्हणाला. सिस्टरांनी प्रश्न विचारला, तेव्हा त्याचं तोंड उघडलं, मिटलं, आणि लेकीला घेऊन तो व्हरांड्यात गेला. सुलेखा बोलत राहिली.

मित्रांनो, ज्याचं दुखतं त्यालाच बसू द्या, त्यालाच बोलू द्या. मला हवा तर रंग द्या, गंज खरवडा, पण पाय तेवढा आखूडच राहू द्या. पुठ्ठ्याची घडी मी केव्हाच थुंकून टाकली आहे. दारात नवं जोडपं आलंय बघा. बाई मागं आहे, आणि गडी सरळ माझ्याकडं येतोय.