मुलींच्या नावाचे गरम पाणी

मित्रांनो, पेठ रोडवरच्या मुलींच्या वसतिगृहाच्या गच्चीवर काचेची काळी पेटी आणि तिच्या डोक्यावर आडवी टाकी दिसते ना, तो जुना सौरबंब म्हणजे मी. उन्हावर पाणी तापवणे हे माझे काम. माझ्यासारखी जुनी वस्तू आपली गोष्ट सांगू लागली की उसासे टाकते. मला उसासे येत नाहीत. मला राग येतो. इतकी वर्षे झाली तरी तो निवलेला नाही. का निवलेला नाही, ते ऐका.

माझा जन्म सातपूरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तांब्याच्या नळ्या, त्यांवर काळा लेप, वर जाड काच आणि टाकीभोवती गोधडीसारखे अस्तर. लहानू नावाच्या कारागिराने माझे सांधे जोडले. त्या सुमारास वीज कार्यालयाने एक योजना काढली होती. जो ग्राहक छपरावर सौरबंब बसवील, त्याला खर्चाचा काही भाग परत मिळे आणि पुढे दरमहा बिलात सूट. वसतिगृहांना ही सवलत जास्त होती, कारण तिथे एका बंबावर पुष्कळ मुलांची अंघोळ होते. मला टेम्पोत चढवताना लहानूने टाकीवर थाप मारली.

"पोरींच्या होस्टेलवर चाललास गड्या. नशीब काढलंस!"

मलाही तसेच वाटले होते.

वसतिगृह एका संस्थेचे होते. पेठ-सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या मुली तिथे राहून जवळच्या शाळेत शिकत. भातकापणी उरकली की त्यांचे आईबाप दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या मळ्यांवर कामाला जात. पोरींची शाळा बुडू नये म्हणून त्या इथे. मला दोरांनी वर ओढले तेव्हा साऱ्या जणी अंगणात माना वर करून उभ्या होत्या. पाचवीतली भागी तर जिना चढून धावतच आली. माझ्या काचेत तिने आपले तोंड पाहिले आणि नववीतल्या चतुराला विचारले, "ताई, यात जाळ कुठं घालायचा?"

"जाळ नाय लागत. ऊनच जाळ."

"मग लाकडं आणायला नाय जायचं?" भागीला ते इतके नवल वाटले की ती माझ्याभोवती फेऱ्या घालून नाचली.

वसतिगृहाच्या अधीक्षिका सरोजिनीबाई आवारातल्याच बंगल्यात सासूबाईंसह राहत. त्यांनी नळवाल्याकडून माझ्या टाकीला दोन फाटे काढून घेतले. एक मुलींच्या न्हाणीघरात, दुसरा बंगल्यात. पाहणीला वीज कार्यालयातून यशोधन नावाचे तरुण अभियंता आले. त्यांनी न्हाणीघरातला नळ सोडला, हाताला चटका बसला, "वा!" म्हणाले. मुलींना माझ्यासमोर उभे करून फोटो काढला, चहा घेतला आणि गेले. गच्चीवरून जाणारा दुसरा फाटा त्यांनी पाहिलाच नाही. सवलत मंजूर झाली. ती मंजूर झाल्याचे कळताच सरोजिनीबाईंनी मुलींकडचा व्हॉल्व्ह बंद करवला आणि त्याची मूठ काढून आपल्या कपाटात ठेवली.

मुलींना सांगितले, "बिघडलाय."

मी बिघडलो नव्हतो, मित्रांनो! मी रोज तापत होतो. दुपारपर्यंत टाकी अशी तापायची की हात लावणाऱ्याने ओरडावे. आणि ते सगळे पाणी बंगल्यात जायचे. अंघोळीला, भांड्यांना, रविवारी मोटार धुवायला. मला दोन हात असते तर तो फाटा मी स्वतः उपटून काढला असता.

नाशिकची थंडी तुम्हाला ठाऊक आहेच. डिसेंबरात सकाळी मुली अंगणातल्या हौदावर अंघोळ करायच्या. पहिला तांब्या अंगावर घेताना त्यांच्या किंकाळ्या मला वर ऐकू यायच्या. सुरुवातीला त्या किंकाळ्यांनंतर हसू यायचे. पुढे हसू थांबले आणि खोकला ऐकू येऊ लागला. सर्वांत जास्त भागीचा.

स्वयंपाकीण रंगूबाई एकदा गच्चीवर मिरच्या वाळत घालत होती. सरोजिनीबाई तिथे आल्या तेव्हा तिने धीर केला.

"बाई, बंब चालू हाय, मला दिसतंय. पोरींना निदान एकेक तांब्या सोडा. भागीच्या छातीत घरघर होती."

"सासूबाईंना संधिवात आहे, रंगूबाई. टाकी आम्हालाच पुरत नाही. आणि या मुलींना काय होतंय? डोंगरातल्या आहेत. गार पाण्याची सवय असते त्यांना."

"सवय कुठली बाई? आमच्या पाड्यावर उठल्या उठल्या चुलीवर आधी पाणीच ठेवत्यात."

"मग पाड्यावर जा म्हणावं!"

हे बोलणे झाले तेव्हा माझी टाकी कढत पाण्याने भरलेली होती. खाली भागी खोकत होती. माझ्या टाकीत आणि तिच्यात फक्त एका स्लॅबचे अंतर होते, आणि मी मुका.

चार दिवसांनी भागीला सरकारी दवाखान्यात नेले. तिला न्युमोनिया झाला होता. तिचा बाप मंगळू मळ्यावरचे काम टाकून आला. पोरगी वाचली. तिचे कपडे न्यायला तो वसतिगृहात आला तेव्हा चतुरा त्याच्यासमोर रडली. "काका, तिला परत पाठवा. ती हुशार हाय."

"हुशारी काय चाटायची, पोरी? जीव राहिला ते लय झालं," मंगळू म्हणाला. पत्र्याची लहानशी पेटी डोक्यावर घेऊन तो फाटकाबाहेर गेला. मी वरून पाहत राहिलो.

पुढच्या वर्षी काय झाले माहीत आहे? वीज कार्यालयाने आमच्या वसतिगृहाला 'आदर्श ग्राहक' ठरवले! गच्चीवर मांडव घातला. माझ्या गळ्यात, म्हणजे टाकीला, झेंडूची माळ बांधली. कुंकू लावले, नारळ फोडला. मोठे साहेब आले, यशोधन आले, संस्थेचे लोक आले. मुलींच्या वतीने आभार मानायचे काम चतुराकडे होते. भाषण सरोजिनीबाईंनी तिच्याकडून घोकून घेतले होते.

चतुरा उभी राहिली. "या सौरबंबामुळे आम्हाला रोज गरम पाणी मिळते," एवढे म्हणून ती थांबली. सरोजिनीबाईंनी पुढचे वाक्य हळूच सुचवले. चतुराने मान हलवली.

"असं बोलायला सांगितलंय," ती म्हणाली. "पण ते खोटं हाय, साहेब. तुम्ही फोटो काढला त्यानंतर गरम पाणी आम्ही बघितलं नाय. आमची भागी गारठून आजारी पडली आणि शाळा सोडून गेली. खाली जाऊन नळ सोडून बघा."

"चतुरा, खाली बस!" सरोजिनीबाई ओरडल्या. चतुरा बसली नाही. मागे बसलेल्या सगळ्या मुली उठून उभ्या राहिल्या.

यशोधन जिना उतरून गेले आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. नळ कोरडा होता. मग त्यांनी, जे पहिल्याच दिवशी करायला हवे होते, ते केले. माझ्या नळीवर बोट ठेवून ते चालत गेले. नळी कठड्यावरून बंगल्यात उतरत होती. खाली अंगणात सासूबाई खुर्चीत ऊन खात बसल्या होत्या.

"आजी, तुमच्याकडे बंबाचं पाणी येतं का हो?"

"येतं की!" आजी कौतुकाने म्हणाल्या. "अगदी कढत. गुडघ्यांना इतका आराम पडतो! मुलींनाही मिळत असेल ना?"

सरोजिनीबाई खाली पाहत होत्या. आजींना बिचाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हते.

संस्थेने सरोजिनीबाईंना काढले. तुम्हाला वाटेल, संपले, न्याय झाला. थांबा! वीज कार्यालयाने सवलत रद्द केली आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत माझ्या सगळ्या नळ्यांना सील ठोकले. बंगल्याकडची बंद, आणि मुलींकडचीही बंद! पाणी चोरले कोणी आणि शिक्षा कोणाला? चौकशी संपेना. पुन्हा थंडी आली. पुन्हा तो हौद, पुन्हा त्या किंकाळ्या. टाकीतले पाणी रोज तापे आणि रोज तिथेच निवे. त्या दिवसांत माझा संताप इतका होता, की काच तडकून जावी असे वाटे.

शेवटी मुलींनीच बादल्या उचलल्या. रंगूबाई पुढे, चतुरा तिच्या बाजूला, मागे सगळ्या पोरी. पेठ रोडवरून चालत त्या वीज कार्यालयात गेल्या आणि पायऱ्यांवर रिकाम्या बादल्या मांडून बसल्या. हे मला रंगूबाईनेच नंतर सांगितले. मोठे साहेब बाहेर आले. म्हणाले, "मुलींनो, माझ्या हातात काही नाही. परवानगी वरून यावी लागते."

"पाणीबी वरूनच येतंय, साहेब," चतुरा म्हणाली. "आमच्याच गच्चीवरून. तुम्ही फक्त आडवं येऊ नका."

रस्त्यावर लोक जमले. तेवढ्यात यशोधन पुढे झाले. "साहेब, पाहणी मी केली होती. चूक माझी आहे. सील काढायचा कागद मी लिहितो, सही माझी राहील. काय व्हायचं ते माझं होऊ दे." त्याच संध्याकाळी ते नळवाल्याला घेऊन गच्चीवर आले. बंगल्याकडची नळी करवतीने कापून टाकली. मुलींकडच्या व्हॉल्व्हला नवी मूठ बसवली आणि ती तिथेच राहू दिली.

सकाळी न्हाणीघरातून वाफ निघाली. मुली ओरडत होत्या, पण ते ओरडणे वेगळे होते. रंगूबाई दारात उभी राहून, "पुरवून वापरा गं," म्हणत डोळे पुसत होती.

भागी मात्र आली नाही. संक्रांतीच्या सुट्टीत चतुरा तिला आणायला पाड्यावर गेली होती. घराला कडी होती. शेजारणीने सांगितले, "मळ्यावर गेली आईबापासंगं. आता हात चांगला बसलाय तिचा द्राक्षं खुडायला." शाळेच्या पटावरून तिचे नाव केव्हाच कमी झाले होते. पाणी वर्षभर आधी सोडले असते तर?

मित्रांनो, आता मी जुना झालो आहे. नळ्यांत क्षार साचले आहेत, काचेवर धूळ आहे. कधी कोणी फडका मारला तर बरे वाटेल, नाही मारला तरी मी थोडा कमी तापेन इतकेच. माझे मागणे वेगळे आहे. शाळेवर, दवाखान्यावर, वसतिगृहावर काही चांगले बसवलेले दिसले, की नुसत्या टाळ्या वाजवू नका. ज्यांच्या नावाने ते बसवले त्यांच्याजवळ जा, आणि मोठ्या माणसांच्या देखत त्यांना विचारा, "तुम्हाला मिळतं का?" ते "नाही" म्हणाले तर घरी जाऊ नका. तिथेच बसा.