शुभदाताईंच्या दवाखान्यातली पेटी

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. फणसाच्या लाकडाची, पितळी कड्यांची आणि खरं सांगायचं तर जराशी कुरकुरी. माझं झाकण उघडताना जो आवाज होतो, त्याला लोक बिजागरीचा दोष म्हणतात. म्हणोत बापडे! झोपमोड झाली की कुणीही कुरकुरणारच.

बेळगावच्या गुंडू सुताराच्या हातून मी घडले. रंधा मारताना तो कानडीत गुणगुणायचा, बोट चेचलं की मराठीत शिव्या द्यायचा. शुभदाताईंच्या आईच्या लग्नात मी तिच्याबरोबर सासरी गेले. पोटात इरकली लुगडी आणि वाळा. काय थाट होता माझा! पुढे घरात लोखंडी कपाट आलं आणि माझी रवानगी मागच्या पडवीत झाली. तिथे माझ्यात कांदे भरले. कांदे! रेशमाची सवय झालेल्या पोटात कांदे म्हणजे काय, ते माझं मलाच ठाऊक. पुष्कळ वर्षं मी तिथे नुसती पेंगत पडले होते.

त्या कांद्यांतून मला सोडवलं शुभदाताईंनी. त्या मनाच्या डॉक्टर झाल्या होत्या. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं आणि बंगळूरला इंदिरानगरात, एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर त्यांनी दवाखाना काढला होता. खोलीच्या खिडकीशी शिरीषाचं झाड होतं. त्याच्या पानांतून गाळलेलं ऊन जमिनीवर हलत राहायचं, आणि दुपारभर आपण पाण्याखाली आहोत असं मला वाटायचं. माझ्यावर चादर अंथरून ताईंनी मला त्या खिडकीखाली ठेवलं. खुर्चीत अवघडून बसणारी माणसं माझ्यावर मात्र मांडी घालून बसत.

या दवाखान्यात खाटा नव्हत्या. लोक यायचे, तासभर बोलायचे आणि आपापल्या घरी जायचे. काहींच्या मनात जीव देण्याचे विचार यायचे. ताई कधी आडवळणानं बोलल्या नाहीत. "मरून जावंसं वाटतं का?" असं त्या सरळ विचारायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या फळ्या चरकल्या. अहो, असं कुणी विचारतं का? पण माझ्यावर बसलेल्या माणसानं एक लांब श्वास सोडला, आणि त्याचा भार एकदम हलका झाल्याचं मला खाली कळलं. कुणीतरी विचारावं म्हणूनच तो थांबला होता बिचारा.

मग ताईंनी माझ्यासाठी एक रीत घातली. ज्याला घरातल्या एखाद्या वस्तूची भीती वाटते, हिनं मी स्वतःचा घात करीन असं वाटतं, त्यानं ती फडक्यात बांधून आणायची आणि पेटीत ठेवायची. परत हवी असेल तर ताईंच्या समोर बसून मागायची. कशात काय होतं ते मी कधी पाहिलं नाही. तुम्हीही विचारू नका.

ती पुडकी माझ्यात झोपायची आणि मला स्वप्नं पडायची. एका पुडक्याला निपाणीच्या तंबाखूच्या शेताचा वास होता, दुसरं हललं की लांब कुठेतरी शाळा सुटल्यासारखी वाटायची. माणसांनी आपलं सगळ्यात जड ओझं माझ्याकडे झोपायला पाठवलंय आणि मी त्याला थोपटतेय, अशा गुंगीत माझे दिवस जात. लुगड्यांच्या दिवसांतही मला इतकी माया लागली नव्हती.

महानंदा आली तेव्हा तिच्याबरोबर तिचा थोरला भाऊ योगीराज होता. दोघं मूळचे चिकोडीचे, राहायला इथेच, बंगळूरच्या बनशंकरीत. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दिवसभर लोकांचे फोन जोडून द्यायची आणि स्वतः मात्र कुणाशी बोलत नव्हती. ताईंनी तिला काही विचारलं की योगीराजच सांगायचा, "तिला झोप लागत नाही, डॉक्टर. तसं स्वल्प टेन्शन आहे, बाकी काही नाही." ताईंनी त्याला बाहेर बसवलं. दार लागलं आणि महानंदा म्हणाली, "मला रोज मरावंसं वाटतं."

पुढच्या खेपेला तिनं इरकलीच्या तुकड्यात बांधलेलं एक पुडकं आणलं आणि स्वतःच्या हातानं माझ्यात ठेवलं. मग ती दर आठवड्याला येऊ लागली. कधी भरभरून बोलायची, कधी तासभर रडायची. विचार फार दाटून आला तर काय करायचं, कुणाला हाक मारायची, हे दोघी मिळून ठरवत. एकदा तर ती हसली. माझ्यावर बसून हसलेलं मला फार आवडतं, सगळ्या अंगाला गुदगुल्या होतात.

दसरा आला. ताई बेळगावला गेल्या. जाताना त्यांनी महानंदाला तिथला नंबर दिला, आणि दवाखान्याची व माझी किल्ली देवाप्पाकडे दिली. देवाप्पा दवाखान्याचं सगळं बघायचा. माणूस देवभोळा आणि मायाळू. बंगळूरला आयुधपूजा म्हणजे केवढं प्रस्थ! रिक्षापासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू. देवाप्पानं मलाही पुसलं, झेंडूची माळ घातली. मी अगदी नवरीसारखी फुगले होते.

तेवढ्यात महानंदा आली. घर पाहुण्यांनी भरलं होतं, हसण्याखिदळण्यात तिचा जीव गुदमरला होता, म्हणून नुसतं इथे बसायला आली होती. पण अंगावर नवी साडी, केसांत मल्लिगेचा गजरा. देवाप्पाला वाटलं, ही आता बरी झाली.

"अक्का, बरं झालं आलात," तो म्हणाला. "दुसऱ्याची वस्तू आत ठेवून पूजा करू नये. तुमचं एवढं तुम्ही घेऊन जावा." आणि त्यानं माझं झाकण उघडून ते पुडकं तिच्या हातात दिलं.

महानंदा पुडक्याकडे बघत राहिली. "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाली आणि जिना उतरली.

अरे देवाप्पा, काय केलंस हे! मी ओरडले, मित्रांनो, सगळ्या लाकडानिशी ओरडले, पण पेटीचं ओरडणं कुणाला ऐकू येणार? देवाप्पा उदबत्ती लावत होता. खिडकीतून मला ती दिसली. शिरीषाखाली उभी होती, पुडकं छातीशी धरून. रस्त्यावरून केळीचे खुंट बांधलेल्या रिक्षा जात होत्या, सगळं धुरकट, मंद, स्वप्नात दिसावं तसं. एक रिक्षा तिच्यापुढे थांबली. तिनं आत पाय ठेवला. माझा जीव, असेल तिथे, थांबला.

मग तिनं पाय मागे घेतला.

ती धापा टाकत वर आली. "देवाप्पाअण्णा, हे माझ्या हातात देऊ नका," ती म्हणाली. "मला अजून मरावंसं वाटतं. आत्ता वाटतंय. मला एकटीला सोडू नका."

देवाप्पाच्या हातातलं तबक कलंडलं. त्यानं पुडकं काढून घेतलं, मला कुलूप घातलं आणि तिला माझ्यावर बसवलं. उपदेश केला नाही, हे त्याचं थोरपण. "चुकलं माझं, अक्का," म्हणाला, आणि त्यानं बेळगावला फोन लावला. ताई बराच वेळ तिच्याशी बोलल्या. मग तिनंच घरी फोन केला.

योगीराज स्कूटरवरून आला, तोंड पांढरंफटक. सवयीनं काहीतरी सांगायला गेला आणि थांबला. माझ्यासमोर जमिनीवर बसून म्हणाला, "महा, तू सांग. आज मी फक्त ऐकतो." आणि त्यानं खरंच ऐकलं. पूजा तशीच राहिली. मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

ताई पहिल्या गाडीनं परतल्या. त्या दिवसापासून माझी किल्ली त्यांच्याशिवाय कुणाकडे राहिली नाही. महानंदा लगेच बरी झाली असं नाही. वाईट दिवस पुन्हा आले, पण त्या दिवसांत ती एकटी राहिली नाही. पुढे एका सकाळी तिनं स्वतःच सांगितलं, "ताई, ते पुडकं आता टाकून द्या." ती येत राहिली, आणि ती जगली. माझ्या सगळ्या आयुष्यात याहून मोठी गोष्ट घडलेली नाही.

आता माझ्या तळाला वाळवी लागलीय, पुन्हा पडवीची वेळ आलीय. जाण्याआधी एवढं ऐका. घरात, वर्गात कुणी गप्प गप्प झालं, जगणं नको म्हणालं, तर हसण्यावारी नेऊ नका. नव्या कपड्यांवरून, गजऱ्यावरून कुणी बरं आहे असं धरून चालू नका. जवळ बसा, सरळ विचारा, आणि लगेच मोठ्या माणसाला, डॉक्टरांना सांगा. कुणी "सांगू नकोस" म्हणून शपथ घातली तरी सांगा. आणि हे सगळं तुमच्याच मनात येत असेल, तर महानंदासारखे जिना चढून परत या. त्या दिवशी मला हाक मारता आली नाही. तोंड मिटून बसणं हे पेटीचं नशीब आहे, मित्रांनो. तुमचं नाही.