डावीकडची काच

धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत, लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, दोन कारखान्यांच्या मधोमध अनंताचं ऑटो इलेक्ट्रिकचं गॅरेज होतं. आधी तो लूमच्या मोटरी बांधायचा. पुढे रिक्षा आल्या, टेम्पो आले, आणि गोदामांना जमिनी विकून पैसा आल्यावर आसपासच्या गावांत दारोदार मोठ्या, जुन्या परदेशी गाड्या उभ्या राहिल्या. या गाड्यांच्या वायरिंगला हात लावायला बाकीचे मेकॅनिक घाबरायचे. अनंता घाबरत नसे. "वायर खोटं बोलत न्हाय," असं तो म्हणायचा.

दोन हजार सातच्या मे महिन्यात पूर्णा गावचे हिरामणशेठ त्याच्याकडे एक काळी जर्मन गाडी घेऊन आले. मुंबईच्या दलालाकडून घेतलेली, आठ वर्षांची, पण बाहेरून आरशासारखी. सोबत त्यांची आई गोदूबाई होती. ती मागच्या सीटवर अंग चोरून बसली होती.

"काय त्रास हाय, शेठ?"

"तीन दिस उभी ठेवली का बॅटरी बसते. लॉक केली का डावीकडची पुढची काच आपोआप खाली येते. आन् त्या सीटवर कोन नसला तरी पट्टा लावा म्हनून टिंग टिंग वाजत ऱ्हाते."

गोदूबाई गाडीतून उतरली आणि पदर सावरत म्हणाली, "कोन नसला कसा? कोन तरी बसलंय म्हनूनच वाजते ना."

"आये, गप ऱ्हा," हिरामणशेठ हसले. पण ते हसणं काही जमलं नाही. अनंताच्या लक्षात आलं की तेही डाव्या सीटकडे बघायचं टाळत होते.

अनंतानं समजावलं, "मावशी, गादीच्या आत वजन ओळखणारी पट्टी असते. ओल लागली का ती बिघडते. मग रिकाम्या सीटवर मानूस हाय असं गाडीला वाटतं."

गोदूबाईनं मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनंतानं डावी सीट काढली, खालचा गालिचा उचलला आणि तिथंच उकिडवा बसून राहिला. गालिच्याखाली बोटभर जाडीचा गाळ होता, वाळून करडा झालेला, तडे गेलेला. त्यात काड्या आणि प्लॅस्टिकच्या चिंध्या रुतल्या होत्या. काचा आणि कुलपं सांभाळणारा डबा त्या गाळातच होता. त्याच्या पिनांवर हिरवा गंज चढला होता. म्हणजे गाडी बुडालेली होती. दोन वर्षांपूर्वीच्या सव्वीस जुलैच्या पावसात मुंबईत अशा किती गाड्या बुडाल्या, आणि नंतर धुऊन पुसून विकल्या गेल्या, हे त्यानं ऐकलं होतं. प्रत्यक्ष पहिल्यांदाच पाहत होता.

त्याला बरं वाटलं. बिघाडाचं कारण सापडलं होतं.

त्यानं गाळ खरवडला, पिना घासल्या, कुजलेल्या वायरी बदलल्या, डबा धुऊन वाळवला आणि परत जोडला. डाव्या दाराचं आतलं कव्हर उतरवलं आणि काच चढवणाऱ्या मोटरचा प्लग ओढून बाजूला काढला. आता काच हलणं शक्यच नव्हतं. सीट पुन्हा जागेवर बसवली. बॅटरी कुठं उतरते ते पाहायचं राहिलं होतं.

अशा गाड्यांत दारं बंद केल्यावर सगळी यंत्रणा हळूहळू निजते. त्याला वीसेक मिनिटं लागतात. ती निजल्यावरही करंट वाहत असेल तर बॅटरी खाणारा चोर सापडतो. बॅटरी मागच्या सीटखाली होती, म्हणून अनंतानं तिथं मीटर लावला, चारी दारं ओढून घेतली आणि आतच बसला. दुपारचा दीड वाजला होता. मोबाईल बाहेर टेबलावर राहिला होता.

मीटरचा आकडा उतरत गेला. मग चारी दारांची कुलपं एकदम खट्कन पडली.

त्यानं दाराची मूठ ओढली. ती नुसतीच हलली. या गाड्यांना दुहेरी कुलूप असतं. ते पडलं की आतून दार उघडत नाही. पुढे ड्रायव्हरच्या सीटवर सरकून त्यानं किल्ली लावली, फिरवली. काहीच पेटलं नाही. त्यानं काचेवर थापा मारल्या, ओरडला. दोन्ही बाजूंचे लूम खडाखडा चालू होते. त्या आवाजात गल्लीतल्या माणसाला शेजारच्याचं ऐकू येत नव्हतं, तर याचं कुठून येणार?

वर पत्रा, आत तापलेली गाडी. शर्ट पाठीला चिकटला. श्वास आखूड झाला. मीटरकडे पाहिलं तर करंट शून्य.

आणि तरीही टिंग टिंग सुरू झालं.

अनंता शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत राहिला. त्याची हत्यारं बाहेर होती. काच फोडायला त्यानं त्या सीटची डोकं टेकायची उशी वर उपसली. तिला खालून दोन लोखंडी दांड्या असतात. या दांड्या वाकलेल्या होत्या. टोकं खरवडलेली होती. त्याच्या आधी कुणीतरी हीच उशी उपसली होती, आणि याच कामासाठी.

 उशी हातातून निसटली. डोळ्यांपुढे अंधारी आली तशी तो पुटपुटला, "बाई, मला सोड." बाई का म्हणाला, ते त्याला नंतरही सांगता आलं नाही.

डाव्या दारात मोटर घरघरली आणि काच खाली उतरली. सावकाश, पार तळापर्यंत.

तो डोकं पुढं करून त्यातून बाहेर पडला, हातावर आपटला, आणि बराच वेळ जमिनीवरच बसून होता. मग उठून त्यानं खिडकीतून आत डोकावून पाहिलं. कव्हर काढलेल्या दारात मोटरचा प्लग त्यानं ठेवला तसाच, वीतभर लांब लोंबत होता.

नंतर काच हातानं वर ओढून त्यानं तिच्या कोपऱ्यातला सालाचा शिक्का पाहिला. बाकीच्या काचांवर नव्याण्णव साल होतं. हिच्यावर दोन हजार पाच.

डॅशबोर्डच्या खणात सर्व्हिसची जुनी, पाण्यानं फुगलेली वही होती. तीत आधीच्या मालकाचा नंबर होता. संध्याकाळी अनंतानं फोन लावला. पलीकडे एक वयस्क माणूस होता. अनंतानं गाडीचा नंबर सांगितला. 

"विम्यावाल्यांनी नेली होती ती," तो माणूस म्हणाला. "भंगारात गेली म्हणाले होते."

"साहेब, डाव्या सीटवर कोण बसलं होतं?"

"माझी बायको. कमळ. पुढं किती पाणी आहे ते बघायला मी उतरलो. मागं कुलपं पडली. मी बाहेरून दगडानं मारत होतो, ती आतून. काच फुटली, पण उशिरा." मग त्यानं हळूच विचारलं, "ती काच आता खाली येते का हो?"

"येते," अनंता म्हणाला.

"त्या दिवशी नाही आली."

लोंबणाऱ्या प्लगचं अनंतानं त्याला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पूर्ण्याला जाऊन त्यानं माय-लेकांना मात्र सगळं सांगितलं. हिरामणशेठचा चेहरा पडला. "कल्यानला एक गिऱ्हाईक हाय. देऊन टाकू का?"

"द्या. पण त्याला खरं सांगावं लागंल, शेठ. आन् दुरुस्त झाली असं मी म्हननार न्हाय."

"कोनाला द्यायची न्हाय," गोदूबाई म्हणाली. "मोडायची. माज्या समोर."

हिरामणशेठनी आईचं ऐकलं. चार दिवसांनी त्यांच्याच अंगणात भंगारवाले गॅसकटर घेऊन आले. अनंतानं स्वतः बॅटरी काढून बाजूला ठेवली. टप उतरला, मागची दारं निघाली. गोदूबाई उन्हात उभी होती, सावलीत या म्हटलं तरी हलली नाही. डावं पुढचं दार बिजागरीतून सुटून जमिनीवर पडलं तेव्हा ती दोन पावलं पुढे झाली.

"बाय, जा आता," ती म्हणाली. "मोकली झालीस."

मग घरात जाऊन तिनं डोक्यावरून आंघोळ केली.