खंडेनवमीचा हार आणि रत्नागिरीचं शेवाळ

मित्रांनो, मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. बसू नये, अशीच ती गोष्ट आहे. चिखलीच्या या शेडमध्ये ज्याला ज्याला ती सांगितली तो हसून निघून गेला. पण खरं तेच सांगतो. माझा प्लग काढलेला होता, वायर गुंडाळून माझ्याच डोक्यावर ठेवलेली होती, आणि तरीही मी एक अंशसुद्धा तापलो नाही.

मी एक जुना फ्रीझर आहे. उभा, दोन दारांचा, चकचकीत नव्हे. आडवा, पेटीसारखा, वर झाकण असलेला. शेडमागच्या खोल्यांतली तुम्ही पोरं माझ्यावर दप्तरं टाकता, पाय हलवत बसता आणि टाचांनी माझ्या पत्र्यावर ढोल वाजवता. वाजवा. माझ्या अंगावरचे पोचे मोजायचं मी केव्हाच सोडून दिलं आहे.

माझी उमेदीची वर्षं दापोडीत गेली. तिथे रहिमानमामूंचं दूध आणि आइस्क्रीमचं दुकान होतं. मामू मला दुकानाच्या अगदी तोंडाशी उभं करायचे, कारण दुकानाची शोभा म्हणजे मीच. माझा गारवा काय वर्णावा! मे महिन्यात माझं झाकण उघडलं की समोरच्या थांब्यावर बसची वाट पाहणारी माणसं कानाला रुमाल बांधायची. एकदा एक माशी माझ्यात शिरली आणि गोठून टणक झाली. मामूंनी ती चिमटीत धरून उन्हात ठेवली. थोड्या वेळाने ती उठली, पंख झटकले आणि तडक ज्या गिऱ्हाइकाने तिला हाकललं होतं त्याच्याच आइस्क्रीमच्या कोनावर जाऊन बसली. हसताय काय? माशीला विचारा.

पुढे मामूंचे गुडघे धरले. काउंटरमागे उभं राहवेना, तेव्हा त्यांनी दुकान आवरलं. मला भंगारात देण्याचं ठरत होतं. भंगारवाला येऊन माझ्या पोटाशी टकटक करून गेलासुद्धा. तेवढ्यात मामूंची भाची आली. यास्मिन मुकादम, रत्नागिरीची, शिकून डॉक्टर झालेली. पण सुई टोचणारी डॉक्टर नव्हे, संशोधन करणारी. तिने माझं झाकण उघडलं, आत डोकं घातलं आणि म्हणाली, "मामू, हा मला द्या. मला यात शेवाळ ठेवायचंय."

मामू म्हणाले, "पोरी, ज्यात मी मलई ठेवली, त्यात तू शेवाळ ठेवणार? त्याला काय वाटेल?"

मला काय वाटलं ते सांगतो. वाईट वाटलं. पण भंगारापेक्षा शेवाळ बरं.

टेम्पोत बसून मी चिखलीत आलो, या शेडमध्ये. मधोमध प्लायवूडची भिंत आहे ना, तिच्या अलीकडे यास्मिनताईंची छोटी प्रयोगशाळा आणि पलीकडे ज्योतीरामचं वर्कशॉप. ज्योतीराम मूळचा बीडकडचा. त्याच्या लेथवर चाकणच्या कंपन्यांसाठी बोल्ट निघतात. त्याची बायको कौशल्याबाई दोन्हीकडची झाडलोट करते आणि दोन्हीकडच्यांना समान रागावते.

आता शेवाळाचं सांगतो. थंडीच्या दिवसांत समुद्राला ओहोटी लागली की यास्मिनताई रत्नागिरीला जाऊन खडकांवरचं तपकिरी शेवाळ खुडून आणायच्या. ते गोड्या पाण्यात धुवायचं, सावलीत वाळवायचं, दळायचं आणि त्याचा अर्क काढून बाटल्यांत भरायचा. समुद्रातल्या या बापड्या जिवांना ऊन, खारटपणा, मासे, किडे या सगळ्यांपासून स्वतःला वाचवायचं असतं. पळून जाता येत नाही, म्हणून ते अंगातच काहीबाही रसायनं बनवतात. ती रसायनं माणसाच्या सांध्यांच्या सुजेवर उपयोगी पडतील का, एवढाच ताईंचा प्रश्न होता. बाटल्या माझ्यात आल्या तेव्हापासून मलाही समुद्र कळू लागला. रत्नागिरीला भरती आली की इकडे माझ्या पोटात बाटल्या एकमेकींवर किणकिण आपटायच्या. हो, चिखलीत!

कौशल्याबाईचेही गुडघे दुखत. एक दिवस तिने विचारलं, "ताई, ते हिरवं पानी जरा माज्या गुडघ्याला चोळू का?"

"तपकिरी आहे, वहिनी. आणि अजून नाही. आधी काचेच्या बशीतल्या पेशींवर बघायचं, मग उंदरांवर, मग सगळं नीट निघालं तर कधीतरी माणसांवर."

"म्हंजे माझा नंबर उंदराच्या मागं?"

"वहिनी, तुमचा नंबर मागे आहे म्हणून तर तुम्ही सुरक्षित आहात."

कौशल्याबाई खूप दिवस उंदरांवर रागावून होती.

तर, त्या वर्षीची सगळी मेहनत माझ्या पोटात होती. दसरा झाला की एक मोठी संस्था त्या बाटल्यांची तपासणी करणार होती. निकाल चांगला आला तर ताईंना पुढचं वर्ष काम करता येणार होतं. अर्क खराब झाला तर पुन्हा थंडी येईपर्यंत नवं शेवाळ नाही, आणि तोवर ही जागाही हातची गेलेली. म्हणून दसऱ्याआधी गावी जाताना ताई ज्योतीरामला बजावून गेल्या, "भाऊ, याला तुमच्या मशीनसारखं सांभाळा हं."

आणि मित्रांनो, ज्योतीरामने अगदी तेच केलं.

खंडेनवमीला आपल्या भागात काय होतं, तुम्हाला माहीत आहे. लेथ, ड्रिल, हातोड्या, पाने, सगळं धुऊन पुसून मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूच्या माळा घालायच्या आणि दसऱ्याच्या संध्याकाळच्या आरतीपर्यंत एकाही यंत्राला राबवायचं नाही. वर्षभर चालतं बिचारं, हे दोन दिवस त्याचे. ज्योतीरामने आपली सगळी यंत्रं बंद केली. मग भिंतीपलीकडून माझी घरघर ऐकू आली असावी. तो आला, हात जोडले, माझा प्लग काढला, ओल्या फडक्याने मला पुसलं, कपाळावर स्वस्तिक काढलं आणि भला मोठा हार घातला. समोर नारळ फोडला. माझ्या सगळ्या आयुष्यात मला कुणी इतकं सन्मानाने मारलं नव्हतं.

तो म्हणाला, "आता निवांत ऱ्हा. काय हूत न्हाई. गुरुवारी बी लाइट जातेच की!"

त्याचं तेही खरं होतं. आपल्या पट्ट्यात गुरुवारी कंपन्यांना सुट्टी आणि त्याच दिवशी दुरुस्तीसाठी वीज बंद. दर गुरुवारी मी झाकण न उघडता तग धरायचो. पण त्या वर्षी खंडेनवमी आली बुधवारी आणि दसरा गुरुवारी. म्हणजे बुधवारी पूजेचा आराम आणि गुरुवारी विजेचा आराम.

गुरुवारी सकाळी यास्मिनताई गावाहून परतल्या. कौशल्याबाईला आपट्याचं सोनं द्यावं म्हणून आधी शेडवरच आल्या. मला हार घातलेला पाहून हसल्या. मग हसू थांबलं. माझा आवाज येत नव्हता.

"भाऊ, याचा प्लग?"

"काल काढला, ताई. खंडेनवमी नव्हं का!"

ताईंनी प्लग लावला. काही झालं नाही. गुरुवार. संध्याकाळपर्यंत वीज यायची नव्हती. ताई खाली फरशीवर बसल्या. हातातली आपट्याची पानं तशीच मुठीत. त्या ओरडल्या असत्या तर ज्योतीरामला बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "यात माझं वर्ष आहे, भाऊ."

ज्योतीरामचा चेहरा उतरला. "म्या म्हनलं माझ्या मशीनवानी..." एवढं बोलून तो तसाच अनवाणी बाहेर पडला, टेम्पो काढला आणि बर्फाच्या कारखान्याकडे गेला.

तिथेही तीच कथा! बर्फ कापायची करवत, लादी ओढायचा आकडा, सगळ्यांना हार घातलेले. मालक म्हणाला, "राव, संध्याकाळच्या आरतीशिवाय हत्याराला हात नाही लावायचा. पाहिजे तर अख्खी लादी उचला." ज्योतीरामने आणि मालकाने लादीला मिठी मारून ती अख्खी टेम्पोत चढवली. वर पोतं टाकलं आणि वाटेत मिठाची गोणी घेतली. बर्फात मीठ मिसळलं की तो जास्त गार होतो, हे ताईंनी फोनवर सांगितलं होतं.

लादी शेडमध्ये आली आणि सगळे तिच्याभोवती उभे राहिले. फोडायची कशाने? हातोडी, घण, छिन्नी, सगळं कुंकू लावून पाटावर.

ज्योतीराम म्हणाला, "आता कसं?"

कौशल्याबाई घरात गेली आणि वरवंटा घेऊन आली. "ह्याची पूजा कुनी केलीय? न्हाई ना? याला कवा सुट्टी मिळालीय का? सरका तिकडं." आणि तिने असा घाव घातला की बर्फाचे तुकडे पत्र्याला जाऊन लागले. ज्योतीराम वरवंट्याकडे बघत राहिला. कौशल्याबाईने काही त्याच्याकडे बघितलं नाही.

आणि आता ऐका, मित्रांनो, जे तुम्हाला पटणार नाही ते. ताईंनी माझं झाकण उघडलं. सगळे वाकले. आणि काय पाहतात? बाटल्या दगडासारख्या टणक! मी कालपासून दात आवळून बसलो होतो. दापोडीचे ते दिवस आठवले, ती माशी आठवली, आणि गारव्याचा एक कणही बाहेर जाऊ दिला नाही. ताई म्हणाल्या, "याला बर्फाची गरजच नव्हती!" तरी आणलाच आहे म्हणून तो माझ्यात ओतला, तर उलटा तो बर्फच माझ्यामुळे आणखी गोठला. संध्याकाळी वीज आली तेव्हा मी तिला म्हटलं, आलीस होय, बस.

बाटल्या सुखरूप संस्थेत पोचल्या. तपासणीत अर्क चांगला निघाला. सुजेवर तो काम करतो असं बशीतल्या पेशींवर तरी दिसलं. ताईंना पुढचं वर्ष मिळालं आणि कौशल्याबाई उंदरांच्या एक पाऊल जवळ आली.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला कळवळून सांगतो. आमच्यासारख्या जुन्या यंत्रांना हार नको, नारळ नको. मागची जाळी धुळीने भरते ती पुसा. झाकणाचं रबर सैल झालं तर बदला. झाकण धाडकन आपटू नका. आणि ज्याचं काम अखंड चालण्याचं आहे त्याला प्रेमाने बंद करू नका. माणूस आमच्याशी बोलत नाही, पण आम्ही त्याचं वर्ष पोटात धरून बसलेलो असतो. त्या सणाला मी एकट्याने, वीज नसताना, कुणाच्या मदतीशिवाय...

"अय, गप रे!" झाडू घेऊन आलेली कौशल्याबाई दारातूनच ओरडली. "लेकरांनो, याचं एक आयकू नका. कुठल्या दगडासारख्या? झाकन काढलं तवा आतला सगळा बर्फ सुटून पानी झालं होतं, बाटल्या त्यात पोहत होत्या, बाटल्यांत मधोमध तेवढा गोठल्याला गोळा ऱ्हायला होता. बर्फ याच्यात कुनी टाकला? बाटल्या ताईंनी शेवाळ आनायच्या त्या मासळीच्या थर्माकोलच्या पेटीत बर्फ-मिठात भरल्या, अन् झाकन हलू नये म्हनून त्या पेटीवर म्या बसले होते लाइट येईस्तवर. गुडघे दुखत असतानी! आन् ह्यो गळ्यात हार घालून नुसता गळत बसला होता!"