पंज्याचा तुटलेला दात

मित्रांनो, मी शिजलेले मटण सोडवायचा एक जुना लोखंडी पंजा आहे आणि स्वभावाने भित्रा आहे. लोखंड कसले घाबरते, असे तुम्ही म्हणाल. पण ज्याला भट्टीत लाल होईपर्यंत तापवले, घणाखाली ठोकले आणि मग एकदम थंड पाण्यात बुडवले, त्याने घाबरू नये तर काय करावे?

माझा जन्म धुळ्यात, आग्रा रोडच्या कडेला असलेल्या वना लोहाराच्या दुकानात झाला. त्याने एका मोडक्या ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा कापून आम्हा दोघांना घडवले. मला आणि माझ्या जोडीदाराला. हाताच्या बोटांसारखे वळवलेले चार चार चपटे दात आणि धरायला बाभळीची मूठ. आम्हाला बनवायला सांगणारी मंजुळाबाई शेजारीच उभी होती. वना तिला म्हणाला, "अक्का, हाई ट्रकना पाटानं लोखंड शे. बठ्ठं मटण सुटं करी टाकी."

मंजुळाबाई चर्चपासून दोन मैलांवरच्या ख्रिस्ती वस्तीत राहायची. तरुणपणी ती भुसावळला एका रेल्वे गार्डच्या घरी स्वयंपाकाला होती. गार्डची बायको डुकराच्या मटणाला धुरी द्यायची, ते काम मंजुळाबाई तिथे शिकली. लग्न होऊन धुळ्याला आल्यावर तिने अंगणात मातीची एक बुटकी खोली बांधून घेतली. त्या खोलीत मिठामसाल्याने चोळलेले मोठे तुकडे टांगायचे आणि खाली चिंचेच्या लाकडाचा मंद धूर रात्रभर धरायचा. वस्तीत नाताळ असो, बाप्तिस्मा असो की लग्न असो, मटण तिच्याकडूनच जायचे.

पहिल्यांदा त्या खोलीत नेले, तेव्हा मला वाटले, आता पुन्हा भट्टी! सगळीकडे काळोख, धूर आणि चरबीचे चर्र चर्र आवाज. पण मंजुळाबाईचा हात शांत होता. खाली काढलेले मटण ती लगेच सोडवत नसे. केळीच्या पानात गुंडाळून निवत ठेवायची. कढत असताना ओढले तर सगळा रस वाहून जातो, आणि गार होऊ दिले तर धागे घट्ट बसतात. हाताला सोसेल इतके कोमट झाले की ती आम्हाला उचलायची. माझा जोडीदार तुकडा दाबून धरायचा आणि मी धाग्याच्या दिशेने ओढायचो. आडवे ओढले तर मटणाचा भुगा होतो. उभे ओढले की लांब, मऊ धागे सुटतात. मग ती बोटांनी चाचपून हाडाची कुसळे काढायची आणि खाली साठलेला रस परत मटणावर ओतायची. काम झाले की आम्हाला राखेने घासून, पुसून, तेलाचा हात लावायची. लोक मटणाची तारीफ करायचे आणि ती आमच्याकडे बोट दाखवायची.

मला मात्र एक भीती कायम असायची. माझे दात अन्नात जात होते. अन्न माणसांच्या पोटात जात होते.

ती भीती एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात खरी झाली.

एसटीचा ड्रायव्हर अभिमन याच्या मुलीचे लग्न होते. चर्चच्या आवारात मांडव पडला होता. आदल्या दिवशी मंजुळाबाईचा नवरा झुलाल याला तेलाचा डबा उघडायचा होता. झाकण निघेना. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि मला उचलले. माझा एक दात झाकणाखाली घालून त्याने सगळा जोर लावला. झाकण उडाले, पण माझ्या दातात आतून काहीतरी कळ गेली. केसाएवढी चीर पडली होती. वरून काजळी होती, त्यामुळे ती कुणाला दिसली नाही. झुलालने मला होतो तिथे टांगले आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाईघाईत मंजुळाबाईने मला हातात घेतले. प्रत्येक तुकड्यागणिक मी मनात म्हणत होतो, थांब, मला उजेडात धर, नीट बघ! पण आम्हाला तोंड नसते. शेवटचा खांद्याचा तुकडा आला. सांध्यात मला घालून तिने हिसका दिला आणि कट् असा आवाज झाला.

"हाड मोडलं वाटतं," असे म्हणून ती पुढे ओढत राहिली.

हाड मोडले नव्हते. माझ्या दाताचे टोक मटणात पडले होते. मित्रांनो, टोकदार लोखंडाचा तो तुकडा धाग्यांमध्ये शिरताना मी पाहिला. वरून रस ओतला गेला आणि तो दिसेनासा झाला. दोन्ही पातेली रिक्षात चढली. रिक्षा गेली. माझ्या अंगात जणू पुन्हा ते थंड पाणी शिरले.

घासताना मंजुळाबाईचा हात माझ्या दातांवरून फिरला आणि थबकला.

"अहो, इकडे या! याचं टोक कुठं गेलं?"

झुलालचा चेहरा पडला. "काल मीच त्यानं डब्याचं झाकण उचकटलं."

तिने राग केला नाही. तेवढा वेळच नव्हता. सायकलच्या कॅरिअरवर बसून, मला मुठीत आवळून ती चर्चकडे निघाली. झुलाल जीव खाऊन पॅडल मारत होता.

मांडवात पंगत बसली होती. पानांवर भात वाढून झाला होता आणि मटणाचे पातेले नुकतेच उचलले होते. मंजुळाबाई आत शिरली आणि तिने वाढप्याचा पळी धरलेला हात पकडला. "कुणी खाऊ नका! मटणात लोखंडाचं टोक पडलंय."

एकच गलका उठला. अभिमन धावत आला. "अक्का, काय बोलते तू? वऱ्हाड पानावर बसलंय!"

तेवढ्यात अभिमनची बहीण भिकुबाई किंचाळली. तिने आपल्या धाकट्या कुंदाला आधीच ताटली वाढून दिली होती. पोरगी मांडवाच्या खांबाशी बसून खात होती. अर्धी ताटली रिकामी झाली होती.

"टोचतं का गं? घशात काही टोचतं का?" भिकुबाई तिला हलवून हलवून विचारू लागली. आईचा चेहरा बघून कुंदाच घाबरली आणि रडायला लागली. तिला नक्की काय होते आहे, ते कुणालाच कळेना.

लाऊडस्पीकरवाला चिंधा पुढे आला. त्याच्या पेटीत जळालेल्या भोंग्याचे मोठे लोहचुंबक होते. ते त्याने स्वच्छ रुमालात गुंडाळले. टेबलांवर केळीची पाने अंथरली आणि मंजुळाबाईने मटण पातळ पसरले. चिंधा चुंबक फिरवू लागला. आधी कुंदाची ताटली पाहिली. काही नाही. म्हणजे, गेले का पोटात? भिकुबाईने रिक्षा आणायला माणूस पिटाळला.

पहिले पातेले पाहून संपत आले, तेव्हा रुमालाला काहीतरी चिकटले. काळे, बारीक, टोकदार.

"सापडलं!" चिंधा ओरडला. लोकांनी देवाचे आभार मानले. वाढपी पळ्या घेऊन पुढे आले. आणि मी? मी भीतीने गोठलो होतो. तो मी नव्हतो! ती मांडवातून पातेल्यात पडलेली तारेची कपची होती. आता हे सगळे जेवायला बसतील, आणि माझे टोक अजून तिथेच आहे.

मंजुळाबाईने ती कपची माझ्या मोडक्या दाताला लावून पाहिली. एकदा, मग पुन्हा.

"हे नाही," ती म्हणाली. "हे गोल आहे. माझ्या पंज्याचे दात चपटे आहेत."

आता मात्र लोक चिडले. नवऱ्या मुलाचे आजोबा तोतारामआबा शिंदखेड्याहून पहाटेच निघून आले होते. ते काठी टेकत उठले. "पोरी, लगीनना दिन शे आज. किती येळ थांबाडशी?"

मंजुळाबाईच्या हाताचा घाम माझ्या मुठीला लागत होता. तिलाही माझ्याइतकीच भीती वाटत होती. "आबा, मला शिव्या द्या. उद्यापासून माझ्याकडचं मटण घेऊ नका. पण टोक सापडेपर्यंत मी कुणाला खाऊ देणार नाही."

आबा बाजूला सरले. पुन्हा शोध सुरू झाला. दुसरे पातेले रिकामे झाले. त्यातही काही नाही. एका बाजूला कुंदाला दवाखान्यात न्यायला रिक्षा आणली होती. शेवटी तळाशी उरला नुसता रस. मंजुळाबाईने तो परातीत हळूहळू ओतला आणि चिंधाने चुंबक धारेखाली धरले.

टक्.

ते टोक तिने पुसून माझ्या दाताला लावले. चीर चिरेला जुळली. वजनाने ते रसात खाली बसले होते. भिकुबाईने कुंदाला पोटाशी धरले आणि रिक्षा परत पाठवली.

मंजुळाबाई मान खाली घालून उभी होती. आता कोण जेवणार, असेच तिला वाटत असावे. तोतारामआबा सावकाश पानावर जाऊन बसले. त्यांनी बाह्या सारल्या.

"वाढ माय," ते म्हणाले. "पहिलं माले वाढ."

त्यांच्यामागून सगळी पंगत बसली.

पुढे वना लोहार माझा दात जोडून द्यायला तयार होता. पण मंजुळाबाईने नको म्हटले. एकदा तडकलेल्या लोखंडाला तिने पुन्हा अन्नात घातले नाही. माझ्या जोडीदाराला नवा सोबती मिळाला. मी धुरीच्या खोलीबाहेर खिळ्याला असतो आणि फक्त निखारे ओढतो. तारीफ आता त्या दोघांची होते. वाईट वाटते, पण रात्री निवांत झोप लागते.

मित्रांनो, एवढेच सांगायचे आहे. ज्या कामासाठी आम्हाला घडवले, तेच काम आमच्याकडून करून घ्या. हातात घेण्याआधी उजेडात धरून बघा, ठेवण्याआधी बोट फिरवून बघा. आणि तुमच्या हातून आमचे काही मोडलेच, तर लाजून गप्प राहू नका. पंगत बसलेली असली तरी मोठ्याने ओरडा. आम्हाला ओरडता येत नाही.