शेवटचं पान आधी

त्या घरात आमटीला मीठ नसलं तरी कुणी ब्र काढत नसे, पण राक्षसांचा विषय निघाला की तिघेही हात वाळेपर्यंत पानावरून उठत नसत. सासऱ्यांचं आयुष्य रेडिओवरच्या नाटकांना वादळाचे, पावलांचे, दारांचे आवाज पुरवण्यात गेलेलं. भीती कानातून शिरते, बाकी सगळे चोचले, हे त्यांचं मत. मुलगा जाडजूड अद्भुत कादंबऱ्यांचा भक्त. पुस्तकात सुरुवातीलाच नकाशा नसेल तर तो ते उघडतही नसे. सून चित्रकथा काढायची. अंतराळयानांचे सिनेमे तेवढे तिघांनाही आवडत, त्यामुळे भांडण तिथे सगळ्यात जोरात.

"अंतराळात आवाजच नसतो बाबा. मग यान घरघरतं कसं?" मुलगा विचारायचा.

"आम्ही पत्र्याच्या डब्यात पंख्याची मोटर फिरवतो म्हणून! नाहीतर तुम्ही घोराल," सासरे खेकसायचे.

सुनेची पहिली भयकथा सोमवारी प्रकाशकाकडे जायची होती. चौघांच्या टेबलावर तिघांचं कुटुंब जेवतंय आणि चौथी, रिकामी खुर्ची पानागणिक बोटभर मागे सरकतेय, एवढीच गोष्ट. कुणी सरकवताना दिसत नाही. प्रकाशकाचं म्हणणं, शेवटी दात विचकणारं भूत हवंच. तिला ते भूत मुळीच नको होतं. बाबा घाबरले तर कथा आहे तशी द्यायची, नाहीतर शेवटच्या पानावर भूत काढायचं, असं तिने मनाशी ठरवलं आणि पानं त्यांच्या हातात दिली.

शनिवारी दुपारी चहा पिता पिता त्यांनी ती परत केली. "चित्रं झकास आहेत हं सूनबाई. भीती मात्र काही वाटली नाही."

सगळं मुसळ केरात! तिला रडू येत होतं. तिने शेवटचं पान पुढे ओढलं आणि नाइलाजाने पेन्सिलीने भुताचं डोकं आखायला घेतलं. समोर बाबांनी मुलाची नवी कोरी कादंबरी उचलली आणि थेट मागून उघडली.

"बाबा, शेवट आधी वाचताय?"

"मग? शेवटी वादळ आहे की स्फोट, हे आधी कळल्याशिवाय सामान कसं जमवणार? जन्माची खोड आहे ती."

"माझी कथापण अशीच वाचलीत?"

"हो. शेवटी खुर्ची मागे सरकलेली. लाकूड आणि फरशी, सोपा आवाज. मग मधली पानं नुसती चाळली."

तिने कपाळावर हात मारला. मग भुताचं डोकं खोडलं, पानं गोळा केली आणि त्यांच्या शेजारी येऊन बसली. "आता मी एकेक देणार. घाई करायची नाही."

सुरुवातीला बाबा चहाचे घुटके घेत होते. मग चहा तसाच राहिला. चौथी खुर्ची त्यांना आता पहिल्या पानापासून दिसत होती, आणि ती कुठवर जाणार हे चित्रातल्या तिघांना माहीत नव्हतं, बाबांना मात्र आधीच कळलेलं होतं. चित्रातली आई हसत वाढत होती. मुलगी पाणी पीत होती. बाबांचं कपाळ भर दुपारी घामेजलं. सुनेने शेवटचं पान पुढे केलं, तसा त्यांनी तिचा हात धरला.

"नको. राहू दे."

"अहो, पाहिलंय की तुम्ही ते!"

"म्हणूनच नको म्हणतोय," ते म्हणाले, आणि आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता.

सुनेला इतका आनंद झाला की तिला त्यांच्या गळ्यातच पडावंसं वाटलं. तिने ते पान उलटं ठेवलं आणि साळसूदपणे विचारलं, "मग भूत काढू ना?"

"खबरदार!" बाबा उठले. त्यांनी घरच्या जेवणाच्या टेबलाची चौथी, रिकामी खुर्ची आत ढकलली, दोन्ही हातांनी दाबून धरली आणि म्हणाले, "आणि हे बघ, तुझा नवरा घरी आला ना, की त्याला सांग ही खुर्ची आधी माळ्यावर टाकायला."